शुक्रवारी डोकी मोजायची नाहीत

आजच्या या निरोप समारंभाचे आणि आपल्या सभागृहाचेही सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावर विराजमान असलेले संसदीय कामकाज मंत्री, विरोधी पक्षाचे आमचे नेते, सभागृहाचे सचिव महोदय, आजचे सत्कारमूर्ती आणि सत्ताधारी पक्षाचे मुख्य प्रतोद, ज्यांना आपण सगळे लॉबीत, उपाहारगृहात आणि अगदी भांडतानासुद्धा 'तात्या' म्हणतो ते तात्या, पहिल्या रांगेत बसलेल्या तात्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या काकू, तात्यांच्या मतदारसंघातून एवढ्या लांबून आलेली पाहुणेमंडळी, दोन्ही बाजूंचे सहकारी सदस्य, बंधू आणि भगिनींनो,

माझ्या आधीच्या वक्त्यांनी तात्यांची इतकी स्तुती केली आहे की माझ्या वाट्याला फारसं काही उरलेलं नाही. मंत्रिमहोदय म्हणाले, तात्या म्हणजे चालतीबोलती नियमावली. सचिव महोदय म्हणाले, तात्यांच्या जाण्याने सभागृह पोरकं होईल. यातलं एक अक्षर खोटं नाही. अशा प्रसंगी विरोधी बाकांवरून कोणीतरी दोन शब्द बोलायचे, अशी आपली प्रथा आहे. आमच्या नेत्यांचा घसा बसला आहे. तिकीटवाटपाच्या दिवसांत घसा बसायचाच. बाकीचे एकमेकांकडे पाहायला लागले, तेव्हा मी हात वर केला. नेत्यांना हायसं वाटलं. "गोड बोल रे बाबा," एवढंच ते म्हणाले. मी माझ्या परीने प्रयत्न करतो.

आणि खरं सांगायचं तर आज मी रिकामाच होतो. आज शुक्रवार. ठरल्याप्रमाणे झालं असतं तर या वेळी मी या दालनात नसतो. अंगणापलीकडच्या इमारतीत, सभागृहात, माझ्या जागेवर उभा असतो आणि माझ्या वहिनींचं विधेयक विचारार्थ मांडत असतो. कार्यक्रमपत्रिकेवर तसं छापलंही होतं. पण ते का झालं नाही, हे मी ओघात सांगेन. आधी तात्यांबद्दल बोलतो. त्यांच्यासाठीच तर आपण जमलो आहोत.

पाहुणेमंडळींसाठी थोडं सांगायला हवं, नाहीतर आम्ही आत काय करतो ते तुम्हाला कळणार नाही. प्रतोद म्हणजे आपल्या पक्षाची माणसं वेळेवर सभागृहात आणून बसवणारा माणूस. ऐकायला सोपं वाटतं. करून पाहा. तात्यांनी एकदा एका सदस्याला मतदानासाठी दंतवैद्याच्या खुर्चीतून उचलून आणलं होतं. त्याचा अर्धा जबडा बधिर, तोंडात कापूस, डोळ्यांत पाणी. तो काहीतरी बोलायला बघत होता. तात्या त्याला म्हणाले, "बटण बोटाने दाबायचं असतं, दाताने नाही." तो बसला, त्याने बटण दाबलं, सरकार वाचलं. हे सदस्य आज इथे मागच्या रांगेत बसले आहेत आणि हसताहेत. दात बरा झालेला दिसतो.

तर मनात आणलं की तात्या कोणालाही, कुठूनही, कोणत्याही अवस्थेत आत आणू शकतात. हे लक्षात असू द्या.

मी नवीन निवडून आलो तेव्हा मला काय येत होतं? मी पंप दुरुस्त करणारा माणूस. भाषण म्हणजे गिऱ्हाइकाला बिल समजावून सांगणं, एवढाच माझा अनुभव. तात्या माझ्या विरुद्ध बाजूचे, तरी त्यांनी मला शिकवलं. आत शिरताना अध्यक्षांच्या खुर्चीला मान लववायची. बोलणारा सदस्य आणि अध्यक्ष यांच्यामधून चालत जायचं नाही. मंत्र्याने "तपासून पाहतो" म्हटलं की खाली बसायचं, "लवकरच तपासून पाहतो" म्हटलं तर उभंच राहायचं. आणि आणखी एक शिकवलं, जे कोणत्याही नियमावलीत लिहिलेलं नाही. ते म्हणाले, "शुक्रवारी डोकी मोजायची नाहीत."

याचा अर्थ असा. आठवडाभर सभागृह सरकारचं असतं. शुक्रवारी दुपारी ते आमच्यासारख्या साध्या सदस्यांचं असतं. मंत्री नसलेला कोणीही सदस्य आपलं स्वतःचं विधेयक आणू शकतो. विधेयकं ढिगाने असतात म्हणून सोडत काढतात, आणि आपला क्रमांक लागायची वाट बघत कित्येकांची मुदत संपते. आता शुक्रवारी दुपारी सदस्यांना काय सुचतं? घर. विमानतळाचा रस्ता गजबजतो आणि सभागृह ओस पडतं. कामकाज चालवायला एकूण सदस्यांच्या एक दशांश तरी माणसं आत लागतात. त्याला गणपूर्ती म्हणतात. शुक्रवारी ती कधीच नसते. पण कोणी उठून तसं बोललं नाही, तर अध्यक्षही मोजत नाहीत. दोन्ही बाजूंचा हा जुना समजूतदारपणा. त्यामुळे ओसाड सभागृहात का होईना, एखादा सदस्य उभा राहून आपल्या मनातलं बोलू शकतो. वहिनींकडून पहिल्यांदा ऐकली तेव्हा मला ही प्रथा फार आवडली होती. या इमारतीत काही तरी चांगुलपणाने चालतं, असं वाटलं होतं.

वहिनी माझ्याआधी याच जागेवरून निवडून आल्या होत्या. काहींना त्या आठवत असतील, मांडीवर पिशवी घेऊन बसायच्या. औषधाच्या दुकानात उभ्या राहून डॉक्टरांची अक्षरं लावण्यात त्यांचं अर्धं आयुष्य गेलं होतं, त्यामुळे सरकारी कागदांना त्या कधी बिचकल्या नाहीत. त्या राजकारणात आल्या एकाच कामासाठी. माझा थोरला भाऊ पाणीपुरवठा खात्यात मुकादम होता. नळ टाकण्यासाठी खणलेल्या चरात सांधा बघायला उतरला आणि दोन्ही बाजूंची माती त्याच्यावर आली. मी पोचलो तेव्हा लोक हातांनी माती उपसत होते. फावडं दादाला लागेल म्हणून कोणी फावडं घेत नव्हतं. वहिनी चराच्या कडेला बसून म्हणत होत्या, "सावकाश करा, पण लवकर करा." दादा हाती लागला तेव्हा त्याच्या मनगटावरचं घड्याळ चालू होतं, एवढंच.

तर वहिनींचं विधेयक. माणसाच्या उंचीपेक्षा खोल चरात कोणाला उतरवायचं असेल, तर दोन्ही बाजूंना फळ्या लावून माती रोखलेली पाहिजे. न लावता उतरवलं तर ठेकेदार आणि अधिकारी, दोघांना शिक्षा. झालं. एवढंच विधेयक. तेही कोणी वकिलाने त्यांना फुलवून दिलं नव्हतं. त्यांचं म्हणणं, जितकं लांब लिहू तितक्या पळवाटा.

सोडतीत त्यांचा क्रमांक लागला. त्यांच्या आधी दुसऱ्या एका सदस्याचं विधेयक होतं, त्यावर दुपारचा बराच वेळ जाणार हे सगळे धरून चालले होते. आमच्या पक्षाने ठरवलं होतं की वहिनींची वेळ आली की सगळ्यांनी आत यायचं. तोवर मंडळी उपाहारगृहात. मी तेव्हा सदस्य नव्हतो, वरच्या प्रेक्षक सज्जात बसलो होतो. काकूही त्या दिवशी सज्जात होत्या, माझ्यापुढच्या बाकावर. काकू मान हलवताहेत, म्हणजे त्यांना आठवतंय.

आधीचे सदस्य बोलायला उठले. मंत्र्यांनी त्यांना एक गोड आश्वासन दिलं. तात्या त्यांच्या बाकापाशी जाऊन कानात काही बोलले. आणि त्या सदस्यांनी सभागृहाच्या परवानगीने आपलं विधेयक मागे घेतलं. नियमाला धरूनच होतं. एका वाक्यात अर्धी दुपार मोकळी झाली आणि अध्यक्षांनी वहिनींचं नाव पुकारलं.

वहिनी उभ्या राहिल्या. त्यांनी पहिलं वाक्य उच्चारलं, ते मला पाठ आहे. "महोदय, मी कोणाला दोष द्यायला उभी राहिलेली नाही." तेवढ्यात तात्या उठले. तात्यांचा आवाज किती छान आहे ते आपण जाणताच. "अध्यक्ष महोदय, अत्यंत खेदाने निदर्शनास आणतो की सभागृहात गणपूर्ती नाही."

मघाशी मी म्हटलं की प्रतोदाचं काम माणसं आणून बसवण्याचं. सरकारी प्रतोदाने स्वतः उठून माणसं नाहीत म्हणून तक्रार करायची, हे सज्जातल्या पत्रकारांनीही कधी पाहिलं नव्हतं. घरमालकानेच चोर शिरल्याची वर्दी द्यावी आणि मागचं दार स्वतः उघडून ठेवलेलं असावं, तसं झालं. पण नियम नियम. एकदा कोणी बोललं की मोजावंच लागतं. घंटा वाजायला लागली.

आता तात्यांच्या बुद्धीचं कौतुक करायचंच तर ते पुढच्या भागासाठी करा. घंटा साऱ्या इमारतीत वाजते. उपाहारगृहात आमचे लोक बसले होते, गणपूर्ती सहज झाली असती, एवढे होते. ती घंटा त्यांनी ऐकली. आणि विरोधी पक्षात बसून बसून त्यांना वर्षानुवर्षं काय शिकवलेलं आहे? गणपूर्ती राखणं ही सरकारची जबाबदारी. ती घंटा वाजली की आपण जागचं हलायचं नाही, सरकारची नाचक्की होऊ द्यायची. आमचे तेव्हाचे उपनेते, आता ते हयात नाहीत, चांगले गृहस्थ होते, ते म्हणाले, "वाजू दे वाजू दे, चहा सांगा अजून एक." एक तरुण सदस्य उठला होता, त्याला त्यांनी बाही धरून खाली बसवला. आधीचं विधेयक अजून चालू आहे, अशीच सगळ्यांची समजूत. वहिनी उभ्या आहेत हे एकालाही ठाऊक नव्हतं. आमच्याच माणसांनी, आमच्याच शिस्तीने, हसत हसत चहा पीत वहिनींचं विधेयक बुडवलं. तात्यांना एक माणूस अडवावा लागला नाही. त्यांना आमची सवय माहीत होती, बस.

घंटा थांबली. सभागृह तहकूब झालं. वहिनी तशाच उभ्या. त्यांना वाटलं, थोड्या वेळाने पुन्हा सुरू होईल.

मी खाली धावलो. मार्गिकेत वहिनी आणि तात्या समोरासमोर होते. वहिनींनी विचारलं, "तात्या, माझ्या विधेयकात काही चूक होती का?"

तात्या म्हणाले, "छे हो, बाई. उत्तम विधेयक होतं. चूक असती तर आम्ही विरोधात बोललो नसतो का?"

तात्यांनी मग त्यांच्यासाठी चहा मागवला. वहिनींनी तो घेतला. घरी जाताना मी संतापून म्हटलं, "वहिनी, त्या माणसाचा चहा कशाला प्यायलात तुम्ही?" त्या म्हणाल्या, "दिला होता त्यांनी. ओतून टाकायचा का?"

मला तेव्हा तात्यांचं उत्तर कळलं नव्हतं. पुढे इथे बसायला लागल्यावर कळलं. विधेयकात दोष नव्हता, हीच अडचण होती. त्यावर मत घ्यायची वेळ आली असती तर सरकारी बाकांना 'होय' म्हणावं लागलं असतं, आणि मग ठेकेदार रुसले असते. किंवा 'नाही' म्हणावं लागलं असतं, आणि कोण नाही म्हणालं ते नावानिशी छापून आलं असतं. मग त्या सदस्यांना आपापल्या मतदारसंघात, चरात गाडल्या गेलेल्या माणसांच्या बायकांपुढे तोंड दाखवावं लागलं असतं. तेव्हा सगळ्यात चांगलं काय? विचारलंच जाऊ नये. तात्यांनी आपल्या माणसांना ती लाज येऊ दिली नाही. प्रतोद म्हणून याहून मोठी सेवा ती कोणती?

त्यानंतर ते विधेयक 'अपूर्ण कामकाज' या मथळ्याखाली पडून राहिलं. कधी शुक्रवारी सुट्टी आली, कधी गोंधळ झाला, कधी अर्थसंकल्पाला वेळ कमी पडला म्हणून शुक्रवार उसना घेतला. उसना घेतलेला शुक्रवार कोणी परत करत नाही. मग वहिनी आजारी पडल्या. रुग्णालयात मला रोज एकच विचारायच्या, "या शुक्रवारी आहे का रे?" मी "आहे" म्हणायचो. आणि त्या गेल्या. सदस्य गेला की त्याचं विधेयकही यादीतून निघतं. हाही नियमच.

शोकप्रस्ताव तात्यांनी मांडला. मी पुन्हा सज्जात होतो. अध्यक्ष महोदय, आपण खुर्चीत होतात, आपल्याला स्मरत असेल. किती सुंदर बोलले तात्या. "चरात उतरणाऱ्या प्रत्येक मजुराची ती बहीण होती," असं म्हणाले. माझ्या शेजारच्या बाईंनी डोळे पुसले. सगळे सदस्य मान खाली घालून स्तब्ध उभे राहिले. मी वरून पाहत होतो, आणि एकही बाक रिकामा नव्हता. त्या दिवशी मी या माणसाचा द्वेष केला, आणि आजही करतो. निरोपाच्या दिवशी असं बोलू नये, मला कळतं. पण दुसरा दिवस मला मिळणार नाही.

कारण पोटनिवडणुकीत वहिनींच्या जागी मी आलो, तेच विधेयक शब्दही न बदलता पुन्हा दाखल केलं, आणि या सभागृहाच्या अखेरच्या अधिवेशनात, अखेरच्या शुक्रवारी, सोडतीत माझं नाव आलं. यानंतर सभागृह विसर्जित होईल आणि प्रलंबित असलेलं सगळं आपोआप रद्द होईल. यावेळी मी काळजी घेतली होती. आमच्या प्रत्येक सदस्याला भेटून सांगितलं होतं की आज घंटा वाजली तर पळत आत या. काहींची विमानाची तिकिटं मी स्वतः बदलून घेतली होती. माणसं होती. आज गणपूर्ती होती.

सकाळी मंत्रिमहोदय उठले आणि म्हणाले, ज्येष्ठ सहकाऱ्याला यथोचित निरोप देता यावा म्हणून दुपारचं खासगी कामकाज आज वगळण्यात यावं. अध्यक्ष महोदय, आपण विचारलंत, "सभागृहाची संमती आहे?" मी उभा राहिलो. माझ्या ध्वनिक्षेपकाचा दिवा लागला नाही. मी ध्वनिक्षेपकाशिवायच ओरडलो. आपण माझ्याकडे पाहिलंत, आणि म्हणालात, "संमती आहे, असं मी समजतो."

म्हणून आपण सगळे इथे आहोत. तात्या, हा सत्कार आपल्याला ठरवून दिला की आपणच सुचवला, हे मी विचारणार नाही. आपण खरं सांगाल याची मला भीती वाटते.

समोरून खूण होते आहे, आवरतो. फक्त एक आगळीक करू द्या. ज्यांना आत जमायचं होतं ते सगळे इथे जमलेच आहेत, किंबहुना जास्तच. तर प्रस्ताव असा की माणसाच्या उंचीपेक्षा खोल चरात कोणाला उतरवण्यापूर्वी माती फळ्यांनी रोखलेली असली पाहिजे, असा कायदा व्हावा. अनुकूल असतील त्यांनी 'होय' म्हणावं.

तात्या, सर्वांत आधी आपला आवाज आला. मी ऐकला. आणि मग साऱ्यांचा. मंत्रिमहोदय, आपणही म्हणालात. अध्यक्ष महोदयांचेही ओठ हललेले मी पाहिले.

प्रतिकूल असतील त्यांनी 'नाही' म्हणावं.

कोणीच नाही.

मला वाटलं होतं, तुम्ही गप्प बसाल. गप्प बसल्यावर काय बोलायचं ते मी ठरवून आलो होतो, ते आता वाया गेलं. तुम्ही हसून, टाळ्या वाजवून 'होय' म्हणालात, कारण इथे शब्द न् शब्द टिपून घेणारा प्रतिवेदक नाही, बटणं नाहीत, काही छापून येणार नाही. वहिनी गेल्या, तरी त्यांना आजवर या आवारात एकही माणूस 'नाही' म्हणालेला नाही. म्हणाला असता तर निदान भांडता आलं असतं.

असो. तात्यांना पुढच्या आयुष्यात उत्तम आरोग्य लाभो, असं मी मनापासून म्हणत नाही, पण म्हणण्याची रीत आहे म्हणून म्हणतो. काकू, आपल्याला मात्र मनापासून. मला बोलू दिल्याबद्दल अध्यक्ष महोदयांचे आणि मध्येच ध्वनिक्षेपक बंद न केल्याबद्दल ध्वनिव्यवस्था पाहणाऱ्या बंधूंचे आभार. बोलण्याच्या भरात काही कमीजास्त झालं असेल, कोणाचा अवमान झाला असेल, तर मोठ्या मनाने पोटात घालावं.

जाता जाता आयोजकांनी एक सूचना द्यायला सांगितली आहे. जेवणाची व्यवस्था तळमजल्यावर आहे. ज्यांच्या गाड्या मागच्या अंगणात आहेत त्यांनी त्या आधी पुढच्या बाजूला घ्याव्यात. नव्या उपाहारगृहासाठी तिथे पाण्याच्या नळाचा चर खणला आहे, बराच खोल आहे, आणि कडेची माती भुसभुशीत असल्यामुळे गाडीच्या वजनाने ढासळू शकते, असा फलक सकाळीच लावला आहे. येताना मी वाकून पाहिलं. फळ्या नाहीत. दोघं आत काम करताहेत, तेव्हा गाड्या जरा जपून काढा.

धन्यवाद.